रत्नाचे बोडके हात

गेल्या महिन्यात नातीनं मला परभणीतल्या एका नव्या मसाज स्टुडिओत नेलं. आत शिरताच अंधार, उदबत्तीचा वास आणि कुठूनतरी पाणी झुळझुळल्याचा आवाज. पाणी मात्र कुठे दिसेना, हात धुवायलासुद्धा. एक गोड पोरगी आली. बोटांत अंगठ्या, मनगटाला घड्याळ, नखं लांब आणि जांभळी. टेबलावरच्या चादरीवर माझ्या आधी झोपलेल्या बाईच्या पाठीचा तेलकट नकाशा अजून ओला होता. पोरगी म्हणाली, "रिलॅक्स व्हा, आजी." मी म्हटलं, "बाळ, आधी नखं दाखव."

नात घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचं काही चुकलं नाही. चूक पूर्णेच्या रत्नाची आहे. त्या बाईनं मला जन्माची बिघडवून ठेवली. आता मला कुणाच्या घरी टॉवेल दिला तरी मी तो उजेडाकडे धरून बघते आणि मग त्या घरी परत बोलावणं येत नाही.

रत्ना पूर्णेत बायकांची मालिश करते. रेल्वे कॉलनीच्या मागे तिच्या दोन खोल्या. वर पत्रे, पुढे अंगण, अंगणात नळ आणि धुण्याचा दगड. दारावर पाटी होती: 'मालिश. फक्त बायकांसाठी. पाय धुऊन आत यावे.' तिचं नाव नाही, वेळ नाही, देवाचं नाव नाही. आणि 'पाय धुऊन' ही अक्षरं 'मालिश'पेक्षा मोठी. पाटीवरूनच माणसानं ओळखायला पाहिजे होतं की इथे सुख मिळेल, पण सुखासुखी मिळणार नाही.

मी तिच्याकडे गेले ती खांद्यापायी. न्हाणीत घसरले आणि उजवा खांदा असा आखडला की वेणी घालायला सून लागायची. सुनेच्या हातची वेणी म्हणजे म्हशीला दावं बांधल्यासारखी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, ते मी सुनेसमोर केले, एकटी असताना नाही. शेवटी शेजारणीनं रत्नाचं नाव सुचवलं आणि सुचवताना जरा विचित्र हसली. ते हसू मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी भर उन्हात रिक्षा करून गेले. नळावर पाय धुतले. दारात एक उंच, काटक बाई उभी होती. तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "टाचा राह्यल्या, काकू." परत धुतले. मग नखं बघितली. मग ताप, खोकला, खरूज, गजकर्ण, सगळं विचारून झालं, जसं काही मी तिच्याकडे मालिशला नाही, सोयरिकीला आले होते. मग माझ्या हातावर मांजरानं ओढलेला ओरखडा तिला दिसला.

"हे सुकू द्या. मग या."

"अगं, खांदा दुखतोय. ओरखडा मनगटाला आहे."

"तेल वाहत जातंय, काकू. ते कुठं मनगट का खांदा बघायलंय?"

आणि तिनं मला परत पाठवलं. मला! आता ही 'मला' म्हणजे कोण, ते सांगितलं पाहिजे. पूर्णेला यायच्या आधी, गंगाखेडला नवी नवरी म्हणून गेले तेव्हा मी स्वतःला अख्ख्या तालुक्यातली स्वच्छ बाई समजत होते. ओल्या लुगड्यानं स्वयंपाक करायचे. कुणी शिवायचं नाही, कुणाची सावलीसुद्धा पदरावर पडता कामा नये. धाकट्या दिराला एकदा मी परत आंघोळीला पिटाळलं होतं, का तर त्यानं पोस्टमनच्या हातातून पत्र घेतलं. आणि याच सोवळ्याच्या घरात, मागच्या दारी खुंटीवर, अख्ख्या घराला मिळून एक पंचा होता. सासऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्यालाच तोंड पुसत. पावसाळ्यात तो पंचा खुंटीवरून काढला तरी त्याचा आकार बदलत नसे. मी तो शिवायचे, पुसायचे, आणि परत सोवळ्यात जायचे. लांब वेणी आणि आखूड अक्कल, दुसरं काय.

तर ओरखडा सुकल्यावर नाक मुठीत धरून परत गेले. आत खोलीत पालथी झोपले. तेवढ्यात नजर तिच्या हातांवर गेली. दोन्ही हात कोपरापर्यंत बोडके. बांगडी नाही, दोरा नाही. गळ्यात काळा मणी नाही. कपाळ पुसलेलं. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. मला फार वाईट वाटलं. मी उशीत तोंड घालून एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हटलं, "देवाची मर्जी, बाई. लेकराबाळांकडे बघून दिवस काढायचे."

रत्ना खांद्याची गाठ दाबत राहिली. मी अजून चार शब्द समजुतीचे बोलले. आमच्या मावशीला कसं तरुणपणी वैधव्य आलं आणि तिनं कसं निभावलं, तेही सांगितलं. मागच्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, "रत्ने, चहा हाय का गं थोडा?"

"माझे मालक हायत," रत्ना म्हणाली. "रेल्वेत पॉइंट्समन हायत, रात्रपाळी करून आल्यात. आईकायला आलंय त्यांना समदं."

पडदा होता म्हणून माझं तोंड त्या माणसाला दिसलं नाही. पण त्या दिवसापासून दिगंबर मला बाजारात, स्टेशनवर, कुठेही भेटला की दोन्ही हात जोडायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "काकू, अजून हाय बरं का मी."

हे बोडके हात म्हणजे रत्नाचा कायदा होता. कामाला हात लावायच्या आधी हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं, सगळं उतरवून एका काचेच्या बरणीत. बरणी फळीवर, झाकण घट्ट. टिकलीसुद्धा काढायची, कारण एकदा ती वाकली असताना एका बाईच्या पाठीवर पडली होती आणि त्या बाईच्या सासूला ती घरी दिसली, त्यावरून त्या घरात महाभारत झालं. मग कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्यांतून साबण, नखांना ब्रश. दिवसभर तशीच. संध्याकाळी शेवटची बाई गेली की चादरी उकळायच्या, परत हात धुवायचे आणि मग बरणी उघडायची. एकेक बांगडी चढवून, कुंकू लावून, किणकिणत बाजारात भाजीला. गावात म्हणत, ही बाई दिवसा रांडाव आणि दिवेलागणीला सवाष्ण.

चादरी म्हणजे साध्या चादरी नव्हेत. प्रत्येक बाईनं आपलं जुनं सुती लुगडं नाहीतर साडी आणायची, रत्ना ती फाडून धडपं करायची आणि ते धडपं त्या एकाच बाईचं. दुसरीला कधी अंथरायचं नाही. अंगणात दोरीवर ती वाळत पडली की काठांवरून आम्हाला कळायचं की कोण कोण येऊन गेलं. स्टेशनमास्तरणीचा जांभळा काठ, माझा लाल रुईफुली. एकीनं नायलॉनची साडी आणली तर रत्नानं ती दारातूनच परत केली. "उकळून टिकंल ते आणा. हे तर कढईत भज्यासारखं आक्रसंल." त्या बाईची ती दिवाळीची साडी होती. मोठ्या मनानं आणली होती बिचारीनं.

तेल करडईचं, घाण्यावरचं. एका बाईला एक वाटी. वाटीत उरलं तर परत बाटलीत ओतायचं नाही, त्यात हात बुडालाय. मग ते दाराच्या बिजागऱ्यांना, सायकलींना, शिवणयंत्रांना जायचं. रेल्वे कॉलनीत त्या काळात एकही दार करकरत नव्हतं. चोराला बरं, असं दिगंबर म्हणायचा.

मी तिला बेजार करायची एक संधी सोडत नसे आणि ती मला. मी मुद्दाम केसांत गजरा घालून जायचे, ती तो काढून खिडकीत ठेवायची. मी सुपारी गालात लपवायचे, ती म्हणायची, "थुका, काकू, आन् चूळ भरा." एक दिवस मात्र तिनं हद्द केली. खांद्यापासून मनगटापर्यंत हात चोळायचा होता आणि ती म्हणाली, "बांगड्या काढाव्या लागतील."

माझ्या हातात लग्नापासूनचे गोठ आणि मधे हिरव्या. त्या मी कासाराशिवाय काढल्या नव्हत्या, आणि कासारही जुन्या काढायच्या आधी एक तरी नवी चढवतो, हात क्षणभर रिकामा ठेवत नाही. मी तडक घरी आले आणि आमच्या ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "काढ. बघू तरी मी मरतो का."

"आणि मेलात तर?"

"मग काढाव्याच लागतील. आत्तापासून सवय होईल."

दोन दिवस मी ह्यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खांदा इतका ठणकला की गेले आणि हात पुढे केले. साबण लावून रत्नानं सगळं उतरवलं. खालचं कातडं पांढरं फटक, जसं दगड उचलल्यावर खालचं गवत असतं. आणि गोठांच्या नक्षीत काय निघालं? तीळगूळ. संक्रांत होऊन शिमगा आला होता. रत्ना तो तीळ बोटाच्या टोकावर धरून बघत राहिली. तिनं एखादा शब्द बोलायला हवा होता, म्हणजे मला भांडता आलं असतं.

मालिश चालू असताना माझा मोबाइल वाजला. हे होते. म्हणाले, "अजून आहे बरं का मी." ह्यांची आणि दिगंबरची स्टेशनवर रोज गाठ पडायची हे मला तेव्हा आठवलं.

हसायला ठीक होतं. पण या बोडक्या हातांपायी रत्नाच्या पोटावर पाय यायला लागला होता. मालिशचं खरं काम असतं बाळंतिणींचं आणि तान्ह्या लेकरांचं. पाठदुखीवाल्या आमच्यासारख्या बायका सणवार बघून येतात, बाळंतीण रोज येते. आणि बाळंतिणीला, बाळाला हात लावायला कोण पाहिजे? भरल्या हाताची सवाष्ण. रत्ना सवाष्ण होती, पण हात भरलेले नव्हते. वालूरची एक मोठी शेतकरीण लेकीचं बाळंतपण काढायला पूर्णेत आली होती. माझ्यासमोर ती लेक आणि बाळ घेऊन आली. पाय धुतले, नखं दाखवली, सगळं कबूल केलं, आणि हात बघून थबकली.

"नवरा हाय म्हनतेस, मग हात असे का? दोन-दोन हिरव्या घाल आन् मग लाव माझ्या नातवाला हात."

"घालून लावता येनार न्हाई, आई," रत्ना म्हणाली.

ती बाई बाळ उचलून निघून गेली. तिच्या रिक्षाची धूळ दोरीवरच्या धडप्यांवर बसली. रत्नानं ती सगळी काढली आणि परत पाण्यात घातली. ती एक गेली की तिच्यामागं तिच्या ओळखीच्या चौघी जातात, हे पूर्णेत कुणाला सांगावं लागत नाही.

मला संताप आला. त्या बाईचा थोडा, रत्नाचा जास्त. मी तिला वाटाघाटी सुचवल्या. एकच बारीक बांगडी घाल. प्लास्टिकची घाल. नुसता हळदीचा दोरा बांध. "दोरा तर लय वंगाळ," ती म्हणाली, "ओला ऱ्हातो." मी म्हटलं, इतका कसला गं हट्ट, पोट महत्त्वाचं की बांगडी. तेव्हा ती पाण्यातले हात न काढता बोलली.

"माझी आई राणीसावरगावला लेकरं चोळायची. लय नाव होतं. हातात तिच्या गिलटाच्या पाटल्या. एका लेकराच्या पाठीला ओरखडा गेला. बारकासाच. मग ते पिकलं."

"मग?"

"मग काय, काकू." तिनं एक धडपं पिळलं. "आईनं परत कुनाचं लेकरू घेतलं न्हाई. पाटल्या मात्र मरस्तोवर हातात होत्या. काढल्या तर बाप मरंल म्हनून."

त्यावर मी वाटाघाटी बंद केल्या. रत्नावर चिडायचं मात्र बंद केलं नाही, ते माझ्या हातात नव्हतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात दिगंबरच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडला दवाखान्यात नेलं. रत्नानं पाटीवर फडकं टाकलं, खोल्यांना कुलूप लावलं. वर्षानुवर्षं बंद न झालेली जागा बंद झाली आणि लगेच गावात बोलणं सुरू झालं की बघा, केलेलं भोवलं. गावाकडून तिची थोरली जाऊ आली. ती दवाखान्याच्या दारातच सगळ्यांदेखत म्हणाली, "दिवसभर हात बोडके ठेवून तूच गिळायलीस त्याला." आणि खालून बाजारातून हिरवा चुडा आणून कोपरापर्यंत भरला. रत्नानं भरू दिला. कधी कुणाचं न ऐकणारी ती बाई, हात पुढे करून गप बसून राहिली. भ्यायली होती. आपलं माणूस तिथे नळ्या लावून पडलं की शहाणपण कुणाच्या कामाला येतं?

मी आणि हे बघायला गेलो. दिगंबर अर्धा झाला होता. मला बघून त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, एकच हात उठला. "काकू, अजून हाय मी," म्हणाला. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळानं तो रत्नाला म्हणाला, "पाय चोळ गं जरा. गार पडल्यात."

जाऊ शेजारीच बसली होती. रत्नानं तिच्याकडे बघितलं, मग चुड्याकडे. मला वाटलं, आता ही तशीच हात लावेल. दाबायचं काय, वरवर दाबता येतं. ती उठली, कोपऱ्यातल्या बेसिनशी गेली आणि साबण लावून एकेक बांगडी उतरवायला लागली. जाऊ ओरडली, वॉर्डातली माणसं बघायला लागली. रत्नानं चुडा रुमालात बांधून ठेवला, हात धुतले, मोकळ्या हातांनी त्याचे पाय मांडीवर घेतले आणि टाचेपासून चोळत राहिली. दिगंबरनं डोळे मिटले. कितीतरी वेळ ती चोळत होती. मग परत हात धुऊन, सगळ्या बांगड्या होत्या तशा चढवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आता पूर्णेत कुणाला काय सांगायचं?

घरी बायका जमल्या. मीही गेले. रत्ना भिंतीला टेकून बसली होती, हातात तो चुडा. जाऊ म्हणाली, "बांगड्या फोडायला दगूड आना." कुणीतरी स्वयंपाकघरात वरवंटा शोधायला गेलं. वरवंटा तिथं नव्हता. तो मी येताच उचलून भिंतीकडेला ठेवला होता आणि त्यावर, पदर पसरून, मीच बसले होते. फार टोचत होता. कुणी म्हणालं, काकू जरा उठता का, तर मी म्हटलं, माझा खांदा दुखतो, मला उठवू नका. खांद्याचा आणि बसण्याचा काय संबंध, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

शेवटी जाऊ तिचा हात धरून उंबऱ्याकडे न्यायला लागली. उंबऱ्यावर आपटून फोडणार. तेव्हा रत्ना पहिल्यांदा बोलली.

"थांबा, अक्का. काच सांडंल. हितं लेकरं अनवानी फिरायलीत."

असल्या वेळी हे वाक्य. दुसऱ्या कुणाच्या तोंडात मला ते खोटं वाटलं असतं. ती उठली, अंगणात नळावर गेली, साबण घेतला आणि रोजच्यासारखं एकेक करून चुडा उतरवला. एकही बांगडी फुटली नाही. आत येऊन फळीवरची बरणी काढली, बांगड्या आत टाकल्या, मंगळसूत्र टाकलं, झाकण लावलं.

"असं चालत न्हाई," जाऊ म्हणाली. "फोडाव्याच लागत्यात."

"मी रोज काढतेय, अक्का. तवा कुनी रडलं न्हाई."

आणि मग ती रडली. बरणी मांडीवर घेऊन, झाकणावर हात ठेवून. जाऊसुद्धा खाली बसली. तीही रडायला लागली आणि तिनं रत्नाचं डोकं धरलं, ते मला सांगितलंच पाहिजे. वाईट बाई नव्हती ती.

दिवस झाल्यावर रत्नानं पाटीवरचं फडकं काढलं. आता गंमत बघा. बोडक्या हातांबद्दल कुणाची तक्रार उरली नाही. विधवेचे हात बोडके, सगळं शिस्तीत. पण आता बाळंतिणी येईनात, कारण विधवेचा हात. आधी हात बोडका म्हणून नको, आता हात शुद्ध आहे पण बाई नको. माझं डोकं फिरायचं. मी तिच्या अंगणात बसून सगळ्या गावाला शिव्या द्यायचे आणि ती म्हणायची, "काकू, शिव्या द्या, पर थुंकी उडायलीय धडप्यावर."

आणि काम परत सुरू केलं त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी, चादरी उकळून झाल्यावर, तिनं हात धुतले, फळीवरून बरणी काढली आणि बांगड्या चढवल्या. मंगळसूत्र बरणीतच ठेवलं. कुंकूही लावलं नाही. पिशवी घेऊन किणकिणत भाजीला गेली. अख्खा बाजार वळून बघत होता. एका भाजीवालीनं विचारलंच, "आता कशाला गं ह्या?"

"कामावरनं सुटले की घालतेय," रत्ना म्हणाली. "पयल्यापास्नं." आणि वांगी निवडायला लागली. वांगी निवडतानाही तिचं काय काय बघून चालायचं, ते त्या भाजीवालीला विचारा.

त्यानंतर माझी नात बाळंतपणाला पूर्णेला आली. तीच, मला स्टुडिओत नेणारी. मी म्हटलं, बाळ रत्नाच चोळेल. नातीच्या सासूबाई भेटायला आल्या होत्या, त्या एकदम ताठ झाल्या. विधवा बाई, पहिलं बाळ, असं कसं. मी माझे दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. गोठ, हिरव्या बांगड्या, सगळं भरगच्च, आणि सकाळी मेथी निवडल्यामुळे नखांत काळी माती.

"माझे हे जिवंत आहेत, विहीणबाई. हे सवाष्णीचे हात. ह्यांत देऊ का बाळ?"

विहीणबाई बाळ घेऊन रत्नाकडे आल्या आणि रत्नानं आम्हाला दारातून परत पाठवलं. बाळाच्या मनगटात काळा दोरा होता, डोळ्यांत काजळ आणि गालाला तीट. "दोरा काढून, धुऊन आना. हे काजळ कुनी घातलं?" विहीणबाईंनी घातलं होतं. त्या म्हणाल्या, दृष्ट लागेल. रत्ना म्हणाली, "लागू द्या. ती धुता येतीय." घरी येईपर्यंत विहीणबाई मला बोलत होत्या आणि मी मान डोलवत होते, कारण त्यांचा प्रत्येक शब्द मी स्वतः त्या बाईला बोलून चुकले होते. दुसऱ्या दिवशी बाळ मालिश होऊन असं झोपलं की आम्हीच घाबरून त्याच्या नाकाशी सूत धरलं. आठवड्यात विहीणबाईंनी जाताना स्वतःचं एक जुनं लुगडं रत्नाकडे ठेवलं, गुडघ्यांसाठी. दोरीवर हळूहळू काठ वाढायला लागले. तान्ह्यांची लंगोटं परत दिसायला लागली. सगळ्या नाही आल्या. वालूरची ती बाई तर नाहीच.

पुढे मुलानं परभणीत घर बांधलं आणि आम्हा दोघांना तिकडे न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी संध्याकाळी गाडीत बसलो होतो. हे समोर पाण्याची बाटली धरून. प्लॅटफॉर्मवरून किणकिण ऐकू आली. रत्ना काम संपवून आली होती, हात भरलेले, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. खिडकीतून आत दिलं. माझं धडपं. लाल रुईफुली काठ उकळून उकळून गुलाबी झालेला, चार घड्या घातलेलं.

"हे कशाला गं? ठेवायचं, कुणाला तरी झालं असतं."

"दुसऱ्या कुनाला कसं घालू, काकू? तुमचं हाय."

मी ते मांडीवर ठेवलं. हे खिडकीतून वाकून तिला म्हणाले, "रत्ना, अजून आहोत बरं का आम्ही." ती हसली आणि एकदम तिचे डोळे भरून आले. गाडीनं शिट्टी दिली. तिनं गजांतून हात आत घातला आणि माझा हात धरला, बांगड्या गजांवर वाजल्या. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. मीही हात घट्ट धरणार होते.

रत्नानं माझी बोटं उलटी करून उजेडाकडे धरली. गाडी हलली तरी ती दोन पावलं खिडकीबरोबर चालली.

"नखं काढा, काकू," म्हणाली.